पूजेतली केरसुणी

"हसू नका," बापट मॅडम म्हणाल्या. "जो हसेल त्याला आधी पुढं पाठवीन."

आम्ही हसतच होतो. हसणार नाही तर काय करणार? जतच्या माळावर चकचकीत शेड, शेडमध्ये परदेशातून आलेलं मशीन, पाण्यातनं हायड्रोजन काढणारं. आणि सेफ्टीची इंजिनियर बाई आमच्यासमोर उभी होती ती हातात केरसुणी घेऊन. शिंदीची. लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडतात तसली.

"मॅडम, शेड झाडायची असंल तर बाईमाणूस आणतो की गावातनं," बाजीअण्णा म्हणाला. सगळे पुन्हा फिसकन हसले.

 मॅडमनी आम्हाला बाहेर उन्हात नेलं. तिथं जमिनीत एक बारीक नळी उभी केली होती. त्यांनी कॉक फिरवला, लांब दांड्याच्या लायटरनं ठिणगी पाडली आणि मागं सरकल्या.

"पेटलं का?"

"न्हाई पेटलं," अण्णा म्हणाला. "परत मारा ठिणगी."

"जगदाळे, मग नळीवर हात धरा."

अण्णा खरंच पुढं निघाला. मॅडमनी त्याला कॉलरला धरून मागं ओढला, आणि केरसुणी पुढं केली. नळीच्या वर, नुसत्या हवेत, जिथं काहीच नव्हतं तिथं, केरसुणीचं टोक भस्सकन पेटलं.

कुणीच हसलं नाही मग.

"गळणारा हायड्रोजन जराशा ठिणगीनंही पेटतो, आणि त्याची आग उन्हात दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "रंग नाही, धूर नाही. लाकडाच्या जाळाची धग लांबून लागते, हिची लागत नाही. तुम्ही आत पाय टाकाल तेव्हाच कळेल. आग ओळखणारी यंत्रं मागवलीत, फ्लेम डिटेक्टर म्हणतात. ती येईपर्यंत गॅसच्या लाईनवर जाताना ही केरसुणी पुढं धरायची. हात लांब करून, पायापासून डोक्यापर्यंत हलवत जायचं. जिथं पेटेल तिथून मागं फिरायचं. जगातल्या मोठमोठ्या कारखान्यांत माणसं असंच करत आलीत. लाज वाटायचं कारण नाही."

"मुकी हाय की ही," बाजीअण्णा म्हणाला. त्या दिवसापासून आमच्या प्लांटवर त्या आगीचं नाव मुकी पडलं.

बाजीराव जगदाळे, म्हणजे बाजीअण्णा, मेला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याच मुकीनं तो मेला. कंपनीच्या कागदात मात्र तो अंधश्रद्धेनं मेलाय. त्याची बायको, शालनवहिनी, तिलाही हेच सांगितलं गेलं, आणि तिनं ते खरं मानलं. मी तिथं होतो. तो कशानं मेला ते मला माहीत आहे.

माझं नाव लहू सकट. मॅडमच्या हातातली ती केरसुणी माझ्या आईनं बांधलेली होती. जतच्या बाजारात आमच्याच गठ्ठ्यातली मॅडमनी उचलली असणार. बांधणीवरनं मी ओळखली. आमच्या जातीचं कामच ते. शिंदीचे फाडे, म्हणजे झावळ्या, आणायचे, सुकवायचे, केरसुण्या वळायच्या. दिवाळीला गावातल्या एकूण एक घरात आमची केरसुणी लक्ष्मी म्हणून पाटावर बसते, हळदकुंकू लावून घेते. ती बांधणारी माझी आई मात्र उभ्या जन्मात त्यातल्या बऱ्याच घरांचा उंबरा चढलेली नाही. मी आयटीआय केलं ते हा धंदा सुटावा म्हणून. आणि हायड्रोजनच्या प्लांटवर कामाला लागलो तर तिथं हातात पुन्हा केरसुणीच.

मी कुणाला बोललो नव्हतो. अण्णानं कुठनं तरी शोधून काढलं. मला वाटलं, आता टोमणा येणार. तो जेवणाच्या सुट्टीत शेजारी येऊन बसला, डबा उघडला आणि म्हणाला, "लहू, तुझी आई आम्हा सगळ्यांचा विमा उतरवती की रे. म्हातारीला सांग, बांधणी घट कर म्हणावं. सैल सुटली तर मुकी माझ्याच मिशीला लागायची."

अण्णा आधी साखर कारखान्यात होता, बॉयलर हाऊसला. कारखाना बुडाला, त्याची मशिनरी भंगारात गेली, आणि अण्णा पन्नाशीला आल्यावर आमच्यासारख्या पोरांत कंत्राटावर आला. कामात वाघ. पण देवाधर्माचा असा, की विचारू नका. खंडेनवमी म्हणजे त्याचा जीव. त्या दिवशी हत्यारं धुवायची, मांडायची, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. आणि एकदा पूजा लागली की उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. कारखान्यात असताना एका पोरानं पूजेतला पाना उचलला म्हणून अण्णानं त्याच्या कानाखाली वाजवली होती. ही गोष्ट तो स्वतःच कौतुकानं सांगायचा.

"चूक होतं तुमचं," मी म्हणायचो.

"असंल. पण पाना वर्षभर राबतो, लेका. एक दिस त्याला निजू दे की."

प्लांटचं काय चाललं होतं तेही सांगितलं पाहिजे. काही चाललं नव्हतं. मशीन चालत होतं, हायड्रोजन निघत होता, घ्यायला कुणी तयार नव्हतं. डिझेलच्या मानानं महाग, न्यायचा कसा हा प्रश्न, साठवायचा कसा हा दुसरा. माळावर प्यायला टँकर आणि आमच्या मशीनला बोअरचं पाणी, म्हणून गावातल्या बायका गेटवर येऊन शिव्या घालून जायच्या. "पाण्याचं पेट्रोल करत्यात म्हणं मुडदे!" असं ओरडायच्या. आमचे डायरेक्टर पाटणकर साहेब. अमेरिकेत शिकलेले, वय चाळिशीच्या आत, बोलायला गोड. ते दर आठवड्याला आम्हाला गोळा करून सांगायचे, "हे भविष्य आहे. पहिल्यानं सुरू करणाऱ्याला त्रास होतोच."

मला तो माणूस खोटारडा वाटला नाही कधी. त्याला खरंच वाटत होतं की जग बदलायचंय. अशी माणसं जास्त वाईट. चोराला निदान भीती असते.

साहेबांनी शेवटचा डाव टाकला तो एका बसवर. हायड्रोजनवर चालणारी एक बस भाड्यानं आणायची, बाहेरच्या बँकेच्या लोकांना बोलवायचं, त्यांच्यासमोर बसमध्ये हायड्रोजन भरायचा आणि बस जतपर्यंत पळवून दाखवायची. बँकेनं पैसा दिला तर प्लांट राहणार, नाही तर कुलूप. मुहूर्त काढला दसऱ्याचा.

"डिटेक्टर आल्याशिवाय नाही," बापट मॅडम म्हणाल्या. आम्ही शेजारीच नळ्यांना रंग देत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"ते बोटीत आहेत, शर्वरी. बोट मी ढकलू का?" साहेब म्हणाले.

"मग कार्यक्रम पुढं ढकला."

"दसरा पुढं ढकलता येत नाही."

दुसऱ्या दिवशी खांबांवर करड्या रंगाचे, डिटेक्टरसारखे दिसणारे डबे बसले. मी वर चढून बसवले, म्हणून मला माहीत आहे. ते रिकामे होते. आत काही नव्हतं, नुसती खोकी. "पाहुण्यांना खांब मोकळे दिसायला नकोत," असं सुपरवायझर म्हणाला. मॅडमनी ते बघितलं आणि त्या ऑफिसात शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. दसऱ्याच्या आधीच त्यांना पुण्याला हेड ऑफिसला बोलावून घेतलं. जाताना त्या अण्णाला म्हणाल्या, "जगदाळे, मी नसले तरी केरसुणी सोडायची नाही."

"देवीची आण," अण्णा म्हणाला.

दसऱ्याला सकाळी मी अण्णाला घ्यायला त्याच्या घरी गेलो. शालनवहिनींनी मला चहा दिला आणि अण्णाच्या हातात पिशवी दिली. हळदकुंकू, झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, नारळ.

"लहू, तू साक्षीला हायस," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी नवमीला पूजा केली न्हाई. सायब म्हणला म्हणून दसऱ्यावर ढकलली. आता पूजा लागल्यावर हत्याराला हात घातला, तर मी घरात घेणार न्हाई, सांगून ठेवते."

"आन सायबानं पाना हातात दिला तर?" अण्णानं मला डोळा घातला.

"सायबाच्या डोक्यात घाला मग."

आम्ही हसत निघालो.

प्लांटवर मांडव पडला होता. सगळ्यांना कंपनीचे नवे टीशर्ट वाटले, हिरवे, छातीवर पानाचं चित्र. आमचे जाड सुती डगले होते ते काढून ठेवायला लावले, फोटोत मळकट दिसतात म्हणून. टीशर्ट नायलॉनसारखा, अंगाला चिकटणारा. गेटजवळ हलगीवाले होते, ते आमच्याच भावकीतले. मला बघून त्यांनी जास्तच जोरात वाजवलं.

पूजेसाठी टेबल मांडलं, त्यावर लाल कापड. अण्णानं पाने, गेज, हातोडे ओळीनं लावले. केरसुणी लाईनच्या फाटकाला टेकून उभी होती, तिच्या नेहमीच्या जागी. पाटणकर साहेब फेरी मारत आले आणि थांबले.

"हे काय? पाहुणे येताहेत आणि इथं झाडू? उचला."

"सायब, ती लाईनवर लागती," अण्णा म्हणाला. "मॅडमनी सांगितलंय."

साहेबांनी केरसुणीकडं बघितलं, मग टेबलाकडं. त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं ते चेहऱ्यावर दिसलं.

"बरं, मग पूजेत ठेवा. मधोमध. छान दिसेल. परंपरा आणि तंत्रज्ञान."

"आन बाकीच्या दोन केरसुण्या?"

"स्टोअरमध्ये टाका."

अण्णा क्षणभर घुटमळला. मग त्यालाही ते आवडलं असावं. "लक्ष्मीच हाय की, चालतंय," म्हणाला. केरसुणी मधोमध उभी केली, हळदकुंकू लावलं, माळ घातली. मला जवळ बोलावून हळूच म्हणाला, "तुझ्या आईला सांग, आज तिची लक्ष्मी फॉरेनच्या लोकांपुढं बसली." मला काय वाटलं ते मी सांगत नाही. बरं वाटलं, हे खरं आहे, आणि बरं वाटलं याची चीडही आली.

पाहुणे आले. दोन गोरे पुरुष, एक बाई, आणि त्यांच्यासोबत मुंबईचे काही लोक. फेटे बांधले, ओवाळलं. गोऱ्या बाईनं केरसुणीचा फोटो काढला आणि काहीतरी विचारलं. साहेब अण्णाकडं वळले. "अण्णा, सांगा ह्यांना, आज काय असतं ते. मी भाषांतर करतो."

अण्णा फुलला. सगळं सांगितलं. हत्यार कसं वर्षभर राबतं, आज त्याची विश्रांती कशी, पूजा लागली की हात लावायचा नाही, कानाखाली वाजवलेल्या पोराची गोष्टसुद्धा. साहेब इंग्रजीत सांगत होते, पाहुणे माना डोलवत होते. बाईनं विचारलं, हा झाडू कुठून आणला? साहेब म्हणाले, इथलाच, निसर्गातला, शाश्वत. एवढं इंग्रजी मला कळतं. आईचं नाव तर सोडाच, बांधणारं कुणी असतं हेही त्यात नव्हतं. शिंदीच्या झाडालाच जणू केरसुण्या लागतात.

मग बस आली. नळी जोडली. हलगी, ढोल, टाळ्या. साहेबांनी हिरवं बटण दाबलं.

दाबाचा आकडा वर चढू लागला आणि मध्येच अडला. मग खाली यायला लागला.

पुढचं मी चौकशी कमिटीपुढं सांगितलं, तसंच सांगतो.

कमिटी कंपनीचीच होती. शिंगारे म्हणून एक निवृत्त इंजिनियर, त्यांच्यासोबत हेड ऑफिसचा एक वकील. खिडकीपाशी पाटणकर साहेब उभे होते. अण्णा तोवर मिरजेला दवाखान्यात गेला होता, आणि तिथनं परत आला तो कापडात बांधून. माझ्या आधी बाकीच्या पोरांची साक्ष झाली होती. बाहेर येताना एकानंही माझ्याकडं बघितलं नव्हतं.

"बस," शिंगारे म्हणाले. माणूस तसा वाईट वाटला नाही. दमलेला होता. "सकट, जगदाळे फार धार्मिक होते, बरोबर?"

"बरोबर."

"पूजेच्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, असं मानायचे?"

"मानायचे."

"सकाळी त्यांच्या पत्नीनंही त्यांना तसंच बजावलं होतं. त्यांनी स्वतः आम्हाला सांगितलं. तुम्हीही तिथं होता."

"होतो."

"आणि घटनेच्या काही वेळ आधी हीच रूढी त्यांनी पाहुण्यांना समजावून सांगितली. साक्षीदार पुष्कळ आहेत." त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. "म्हणजे पारंपरिक समजुतीपायी त्यांनी सुरक्षेचं साधन उचललं नाही. सही करा. ह्यात त्यांचा अपमान नाही. श्रद्धा असते माणसाची."

"त्यांनी उचललं."

"काय?"

"केरसुणी. अण्णानं उचलली होती."

शिंगाऱ्यांनी चष्मा काढला. साहेब खिडकीतून बाहेरच बघत होते.

"नीट सांगा," शिंगारे म्हणाले.

मी नीट सांगितलं. आकडा खाली आला तेव्हा साहेब हसत हसतच अण्णाजवळ आले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "बघा काय झालंय." अण्णा म्हणाला, "सायब, लाईन कुठंतरी सुटलीया. लाल बटण दाबू." लाल बटण दाबलं की सगळं बंद होतं, भोंगा वाजतो, गॅस वर सोडला जातो, विमान उतरल्यासारखा आवाज होतो. साहेब म्हणाले, "बटण नाही. पाहुणे आहेत. जॉईंट सैल असेल, हातानं व्हॉल्व्ह बंद करून या." एरवी गळती फुसफुसते ती ऐकू येते. त्या दिवशी हलगीपुढं काही ऐकू येत नव्हतं. अण्णानं लाईनकडं बघितलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. मग तो वळला आणि टेबलाकडं गेला. चपला काढल्या, कपाळाला हात लावला, आणि केरसुणी उचलली. माळ खाली पडली.

"मग?" वकील पहिल्यांदाच बोलला.

"मग साहेबांनी त्याचं मनगट धरलं."

वकिलानं साहेबांकडं बघितलं.

"गोरी बाई फोटो काढत होती. साहेबांनी अण्णाचं मनगट धरलं आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, 'अण्णा! तुम्हीच सांगितलंत ना, हात लावायचा नाही? कानाखाली वाजवीन हं!' आणि ते इंग्रजीतही सांगितलं. पाहुणे हसले. साहेबांनी केरसुणी त्याच्या हातातून घेतली आणि परत टेबलावर उभी केली. माळ घातली. मला अण्णा म्हणाला, 'लहू, पळ, स्टोअरातली आण.' मी पळालो. स्टोअरला कुलूप होतं, सणाची सुट्टी. किल्लीवाला मांडवात कुठंतरी. मी परत आलो तेव्हा अण्णा लाईनवर गेला होता. साहेब मागनं म्हणत होते, 'लवकर, अण्णा, लवकर.'"

त्यानंतरचं मी कमिटीला सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. अण्णा रिकामा हात पुढं धरून चालला होता, तळहात पुढं, अंधारात भिंत चाचपडत जावं तसा, भर उन्हात. मग तो थांबला. मग हात झटकायला लागला. मग दोन्ही हात, मग सगळं अंग. आग कुठंच दिसत नव्हती. मोकळ्या उन्हात एक माणूस स्वतःला चापट्या मारत होता. हलगी चालूच होती. पाहुण्यांना वाटलं तो नाचतोय. एकानं टाळी धरली. हिरवा टीशर्ट वितळत होता, ते मला दिसलं. लाल बटण मीच दाबलं.

"फोटो आहे का?" वकिलानं विचारलं.

"बाईनं काढला होता."

"तुमच्याकडं आहे का?"

"माझ्याकडं कुठनं येणार?"

पाटणकर साहेब खिडकीपासून वळले. त्यांचे डोळे सुजलेले होते. माणूस रडला होता हे नक्की. "लहू," ते म्हणाले, "मी थट्टा केली. माझ्या मनात काय होतं ते तुला माहीत आहे. अण्णांना मी पाठवलं ते व्हॉल्व्ह बंद करायला. मला आग आहे हे माहीत नव्हतं."

"अण्णाला माहीत होतं," मी म्हणालो.

"हे बघा," शिंगारे म्हणाले, "बाकी कुणीही हे सांगितलं नाही. तुमचा शब्द एकट्याचा आहे. असं लिहिलं तर हा प्लांट उद्या बंद होईल. तुमच्यासारख्या पोरांचीच पोटं आहेत त्याच्यावर."

"हलगीवाल्यांना विचारा. ते समोर होते."

वकील हसला. हलगीवाल्यांना कुणी विचारलं नाही.

मी सही केली नाही. माझ्या सहीवाचून काही अडलं नाही. माझं कंत्राट संपलं, असं मला सांगण्यात आलं. बापट मॅडमनी राजीनामा दिला. त्यांचा फोन आला, फोनवर खूप रडल्या, म्हणाल्या, मी तिथं असते तर. बाई भली होती. तिला नंतर चांगली नोकरी लागली, मला सेंट्रिंगचं काम.

डिटेक्टर आले, अण्णाचा तेरावा व्हायच्या आत. बँकेनं पैसा दिला. प्लांट वाढला. आता त्या रस्त्यावर हायड्रोजनच्या बसेस धावतात. परवा मी एका बसमधनं गेलो. चांगली बस आहे. धूर नाही, आवाज नाही, मागं बसलेल्या म्हातारीला खोकला आला नाही. हायड्रोजनशी माझं भांडण नाही. नव्या कामगारांना ट्रेनिंग देतात तेव्हा अण्णाची गोष्ट सांगतात म्हणे, अंधश्रद्धेनं जीव कसा जातो त्याची. आमच्या भावकीतला एक पोरगा ती ऐकून आला आणि मलाच सांगायला लागला. मी त्याला मध्येच गप्प केलं.

पण मला वहिनींचं सांगायचंय.

कमिटीच्या दुसऱ्या दिवशी मी अण्णाच्या घरी गेलो. दुपार होती. दार उघडं, आत चूल थंड. देवळी मोकळी दिसली. देवांचे टाक तिथं नव्हते.

"देव कुठायत, वहिनी?"

"बांधून ठेवल्यात. दिराकडं देणार हाय." त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. "मला नको आता. लहू, मीच बोलले रं त्यांना. तू साक्षीला हुतास. हात लावला तर घरात घेणार न्हाई म्हणले. माझ्या तोंडानं गेला माणूस."

"वहिनी, तसं झालं नाही."

"सायब येऊन गेले. लई रडले. त्यांनीच सांगितलं, अण्णांची श्रद्धा आडवी आली म्हणून."

मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. चपला काढल्या, कपाळाला हात लावला, केरसुणी उचलली. साहेबांनी मनगट धरलं. पाहुणे हसले. केरसुणी परत मांडली. मला वाटत होतं, हे ऐकलं की बाईच्या छातीवरचा धोंडा उतरेल. त्यासाठीच मी गेलो होतो. मी शेवटी म्हणालो, "तुमच्या बोलण्यानं नाही गेला अण्णा. तुमचं बोलणं मोडून त्यानं हात घातला होता."

वहिनी सरळ होऊन बसल्या.

"उचलली हुती?"

"हो."

"सोताच्या हातानं? पूजेतली?"

"मी बघितलं."

"लग्न होऊन आले तवापासनं बघते मी त्या माणसाला," त्या म्हणाल्या. "पूजा लागली की घरातला विळासुदीक उचलू द्यायचा न्हाई मला. भाजी हातानं मोडायला लावायचा. एकदा पोरीला विंचू निघाला, तर पूजेतला हातोडा समोर असून त्यानं चपलीनं मारला. आन त्यानं पूजा मोडली?"

"मोडली."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत.

"लई भ्याला असंल मग," त्या म्हणाल्या.

त्यांची नजर मोकळ्या देवळीकडं गेली.

"मला वाटायचं, निदान देवीवर हवाला टाकून गेला. काय हुतंय म्हणून निवांत गेला. माझ्यामुळं गेला, पण निवांत गेला." त्यांनी पदर खाली घेतला. "त्यो तर भ्यालेला हुता. म्हंजी भ्यालेल्या माणसाला पाठवला त्यांनी. हासत हासत."

"वहिनी—"

"तू का आलास रं हे सांगायला?"

 त्या उठल्या, आत गेल्या, आणि बऱ्याच वेळानं आतनं भांडी आपटल्याचा आवाज आला. एक, मग दुसरं, मग सगळीच. मी उंबऱ्यात उभा राहिलो. शेजारच्या बाया गोळा झाल्या. "काय झालं रे?" त्या मला विचारायला लागल्या, आणि मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.